टोकियोच्या रस्त्यावर गो-कार्ट कशी आली?

शिबुयाच्या चौकात सिग्नल सुटला की बस, टॅक्सी आणि ट्रकच्या गर्दीत मधूनच पाच-सात गो-कार्ट एकामागोमाग निघतात. सगळ्यांत पुढे गाइड, त्याच्यामागे चित्रविचित्र पोशाख चढवलेले परदेशी पर्यटक. फुटपाथवरचे लोक फोन बाहेर काढतात. गाजलेला व्हिडिओ गेम कुणीतरी खऱ्या रस्त्यावर उतरवला, आणि जपानमध्ये असलं काहीही चालतं, अशी बघणाऱ्यांची समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. जपानचे वाहनविषयक नियम अत्यंत कडक आहेत, आणि हा प्रकार त्या नियमांत बसतो म्हणूनच चालतो. तो बसतो कसा, हे बघायचं तर गेम थोडा बाजूला ठेवून कार्टच्या नंबरप्लेटकडे बघावं लागतं. ती फिक्या निळ्या रंगाची असते.

गो-कार्ट मुळात अमेरिकन. लॉस एंजेलिसच्या परिसरात शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या एका कारखान्यातल्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने १९५६ मध्ये लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. पासाडेना इथल्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये हा खेळ सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत तयार कार्ट विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संघटना आणि जागतिक स्पर्धाही आल्या. शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसतं आणि बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते. ट्रॅकवर हा कमीपणा नव्हे, मजा आहे. चाळीसचा वेग ऐंशीचा वाटतो तो त्यामुळेच. रस्त्यावर, ट्रकच्या चाकाशेजारी, तीच उंची वेगळा अर्थ घेऊन येते.

आता जपान. तिथे १९८० च्या आसपास ५० सीसीच्या चिमुकल्या गाड्यांची लाट आली होती. तोयामा प्रांतातल्या मित्सुओका कंपनीने १९८२ पासून ‘बुबु’ नावाने अशा एका माणसाच्या गाड्या विकल्या. त्यांचं सगळं आकर्षण एका गोष्टीत होतं. मोपेडच्या परवान्यावर, म्हणजे सोळाव्या वर्षापासून, त्या चालवता येत. मोटारीचा परवाना नसलेल्या गावाकडच्या माणसाला डोक्यावर छप्पर असलेली गाडी मिळत होती.

फेब्रुवारी १९८५ मध्ये कायदा बदलला. चालकाच्या बाबतीत ही ‘मिनी कार’ साधी मोटार मानायची ठरली, म्हणजे अठरा वर्षं वय आणि मोटारीचा पूर्ण परवाना हवा. गिऱ्हाईकच नाहीसं झालं. ज्याच्याकडे मोटारीचा परवाना आहे, तो एका माणसाची पन्नास सीसीची डबी कशाला घेईल? मित्सुओकाला तो धंदा सोडावा लागला आणि ती कंपनी पुढे जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या धाटणीच्या मोटारी बनवू लागली.

पण त्या दुरुस्तीतून एक चमत्कारिक प्राणी शिल्लक राहिला. जपानमध्ये वाहनाची नोंदणी एका कायद्याखाली होते आणि रस्त्यावरचं वागणं दुसऱ्या कायद्याखाली येतं. नोंदणीच्या कायद्यात मिनी कार अजूनही मोपेडच्याच कुटुंबात राहिली. पाट्या महापालिका देते, कर किरकोळ, आणि जपानी मोटारमालकाला घाम फोडणारी ती महागडी ठरावीक मुदतीची तपासणी, आपल्या भाषेत पासिंग, तिला लागूच नाही. वाहतुकीच्या कायद्यात मात्र ती मोटार. त्यामुळे मोपेडची ताशी ३० किलोमीटरची मर्यादा गेली आणि ६० ची आली. हेल्मेटची सक्ती नाही. मोपेडला मोठ्या चौकात उजवीकडे वळायला दोन टप्पे घ्यावे लागतात, तेही नाही. फक्त एक्सप्रेसवेवर बंदी आणि आत एकच माणूस.

थोडक्यात, खर्च मोपेडचा आणि हक्क मोटारीचे. ही सोय पहिल्यांदा हेरली ती पर्यटनवाल्यांनी नव्हे. पिझ्झा पोचवणाऱ्या तीनचाकी स्कूटरच्या मागच्या चाकांमधलं अंतर पन्नास सेंटिमीटरच्या पुढे नेलं की ती मिनी कार ठरते आणि निळी पाटी मिळते, हे जपानी हौशी मंडळींना फार आधीपासून ठाऊक होतं. कार्टला तर चाकं मुळातच लांब-लांब. तिला दिवे, इंडिकेटर, आरसे, हॉर्न लावला आणि इंजिन ५० सीसीच्या आत ठेवलं की कागद पूर्ण. पेट्रोलऐवजी वीज असेल तर ०.६ किलोवॉटपर्यंतची मोटर चालते.

१९८५ च्या ज्या बदलाने या गाड्यांचं देशी गिऱ्हाईक घालवलं, त्यानेच तीस वर्षांनी परदेशी गिऱ्हाईकाची सोय करून ठेवली, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत गमतीचं वाटतं. मोटारीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका ही जोडी तर परदेशी पर्यटकाकडे सहज असू शकते.

ते गिऱ्हाईक आलं २०१३ नंतर. त्या वर्षी जपानला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा आकडा पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेला आणि टोकियोला २०२० चं ऑलिम्पिक मिळालं. २०१९ पर्यंत पाहुणे ३ कोटी १८ लाखांवर पोचले. देवळं, सुशी, बुलेट ट्रेन झाल्यावर या गर्दीला ‘काहीतरी करून बघायचं’ होतं. शिनागावा भागात २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मारिकार’ या कंपनीने त्यांना कार्ट भाड्याने दिली, सोबत गाइड दिला आणि अंगावर घालायला पोशाख दिले. पोशाख अर्थातच क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९९२ सालच्या ‘सुपर मारिओ कार्ट’ या गेममधल्या पात्रांचे होते.

निन्टेन्डोने आधी कंपनीच्या नावाच्या ट्रेडमार्कला हरकत घेतली. पेटंट कार्यालयाने जानेवारी २०१७ मध्ये ती फेटाळली. महिन्याभरात निन्टेन्डो टोकियोच्या जिल्हा न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली १ कोटी येनची भरपाई द्यायला सांगितली. बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ती ५ कोटींवर नेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळून विषय संपवला. कंपनीने तोवर नाव बदलून ‘स्ट्रीट कार्ट’ केलं होतं आणि पोशाखांच्या फडताळात तटस्थ प्राणी आणि सुपरहीरो आले होते.

या खटल्याबद्दल बाहेर सर्रास ‘जपानने रस्त्यावरच्या कार्ट बंद केल्या’ असं ऐकू येतं. तसं काही झालं नाही. कार्ट रस्त्यावर धावावी की नाही, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच. भांडण नावाचं आणि कपड्यांचं होतं. दोन्ही बदलल्यावर धंदा चालूच राहिला, आणि इतर कंपन्याही त्यात उतरल्या.

रस्त्याचा प्रश्न उभा केला तो अपघातांनी. मार्च २०१७ मध्ये एका परदेशी पर्यटक महिलेची कार्ट टोकियोत पोलीस चौकीच्या भिंतीवर आदळली, तेव्हा वर्तमानपत्रांना आयताच मथळा मिळाला. आवाज, ताफ्यामुळे खोळंबणारी वाहतूक, चालवता चालवता फोटो काढणारे चालक अशा रहिवाशांच्या तक्रारी आधीपासून होत्याच. वाहतूक मंत्रालयाने यावर बंदी न घालता, तिथल्या सरकारी शैलीला धरून, वाहनाची मानकं वाढवली. सीटबेल्ट, डोक्यामागे आधार, चाकांवर आवरण आणि बस-ट्रकवाल्याला कार्ट दिसावी म्हणून उंचावर दिवा किंवा तसंच काही अशी भर पडत गेली. कंपन्यांनीही गाइडची शिस्त घट्ट केली. निघण्याआधी हाताच्या खुणा शिकवायच्या, रांग मोडू द्यायची नाही, सिग्नल मध्येच लाल झाला तर पुढच्यांनी कडेला थांबायचं. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, म्हणून बरेचजण विना हेल्मेट दिसतात. कुणी काहीही म्हणो, तिथे कायद्याची वाट न बघता ते मागून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमांच्या चर्चेत एक गोष्ट फार उशिरा आली, ती म्हणजे ऊन. पर्यटकांच्या शाळांना सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये असतात आणि टोकियोचा सर्वांत वाईट काळही तोच. जपानी हवामान विभागाने २००७ मध्ये ३५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या दिवसासाठी वेगळी वर्गवारी केली. नागपूर-चंद्रपूरचा वाचक इथे हसेल. आपल्याकडे मैदानी भागात ४० च्या खाली उष्णतेची लाट म्हणतसुद्धा नाहीत. पण टोकियोचा ऑगस्ट विदर्भासारखा कोरडा नसतो, मे महिन्यातल्या मुंबईसारखा चिकट असतो, आणि रात्रीही पारा २५ च्या खाली उतरायला तयार नसतो. जुलै २०१८ मध्ये शेजारच्या सायतामा प्रांतात कुमागायाला ४१.१ अंश नोंदले गेले, तेव्हा हवामान विभागाने त्या उन्हाळ्याला आपत्ती म्हटलं. ऑलिम्पिकची मॅरेथॉन तर उकाड्याच्या धास्तीने टोकियोतून उचलून सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली होती.

यातही कार्टवाल्याचा उन्हाळा वेगळाच असतो. हवामान विभागाचं तापमान जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजतात. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने लहान मुलांच्या संदर्भात दिलेली एक मोजणी आहे. टोकियोच्या मध्यवस्तीत अधिकृत तापमान ३२.३ अंश असताना ५० सेंटिमीटरवर ३५ च्या वर होतं आणि जमिनीलगत, ५ सेंटिमीटरवर, ३६ च्या वर. ही सूचना बाबागाडीतल्या बाळांसाठी केलेली, पण कार्टमध्ये बसलेल्या धडधाकट माणसाचं बूड आणि पाय त्याच थरात असतात. मागे इंजिन, शेजारी बसचा सायलेन्सर, खाली डांबर, आणि अंगावर पूर्ण बाह्यांचा, टोपीसकट, पॉलिएस्टरचा प्राणी. चालत असेपर्यंत वारा लागतो. टोकियोच्या सिग्नलला थांबलं की लागत नाही, आणि तिथे सिग्नल काही कमी नाहीत.

२०२१ पासून जपानभर उष्माघाताचा इशारा देण्याची पद्धत आहे. नुसतं तापमान न बघता दमटपणा, उन्हाची धग आणि हवा यांचा एकत्रित निर्देशांक काढतात आणि तो ३३ किंवा त्याहून जास्त होणार असेल तर इशारा निघतो. २०२४ च्या मे ते सप्टेंबर या काळात देशभरात ९७,५७८ लोकांना उष्माघातामुळे रुग्णवाहिकेने हलवावं लागलं. जून २०२५ पासून कामगारांबाबतचा नियमही आला. निर्देशांक २८ किंवा तापमान ३१ अंश वा त्याहून जास्त असताना सलग तासाभराहून अधिक किंवा दिवसात चार तासांहून अधिक काम असेल, तर त्रास झालेल्या माणसाला ओळखण्याची आणि उपचाराला नेण्याची व्यवस्था मालकाने करणं बंधनकारक आहे. पर्यटक एक-दोन तास बसून हॉटेलच्या एसीत परत जातो. गाइड दिवसभर त्याच डांबरावर फेऱ्या मारतो, तेव्हा हा नियम खरा त्याच्या कामाचा. उन्हाळ्यात संध्याकाळनंतरच्या फेऱ्यांना मागणी असते ती नुसत्या रोषणाईमुळे नसावी.

आपल्याकडे कार्ट आहेत, पण कुंपणाच्या आत. पवईच्या हिरानंदानीतल्या ट्रॅकचं नाव योगायोगाने ‘हाकोने’ असं टोकियोजवळच्या गिरिस्थानाचंच होतं. मुंबईतल्या एका पिढीने स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते तिथे. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धा होतात. रस्त्यावर मात्र कार्ट उतरत नाही, कारण विक्रीला येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि मिनी कारसारखा मधला वर्ग आपल्या नियमांत नाही. त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीहून हलक्या चारचाकीचा वर्ग. वाळूजला तयार होणाऱ्या बजाज क्यूटसाठी तो वर्ग कायद्यात यायला आणि मग खासगी वापराची मुभा मिळायला मिळून काही वर्षं गेली.

जपानला जाणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने कळीचा कागद १९४९ च्या, रस्ते वाहतुकीबाबतच्या जिनिव्हा कराराचा आहे. भारत आणि जपान दोघेही त्यात आहेत, म्हणून आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. चीन त्या करारात नाही, त्यामुळे तिथल्या परवान्यावर चिनी पर्यटकाला जपानमध्ये कार्टही चालवता येत नाही. आपल्याकडे हा परवाना पूर्वी राज्याराज्यांत वेगवेगळ्या रूपात निघत असे आणि परदेशातल्या काउंटरवर त्यावरून वाद होत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने देशभर एकच नमुना ठरवून दिला. त्याची मुदत एक वर्षाची असते. सोबत मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट लागतात, आणि फोनमधल्या फोटोवर कुणी चावी देत नाही. जाण्याआधी प्रवास विम्याची बारीक अक्षरंही वाचावीत, कारण मोटार खेळांतली दुखापत अनेक पॉलिसींत वगळलेली असते आणि रस्त्यावरची कार्ट त्यात धरायची की नाही, यावरून विमा कंपनीशी वाद होऊ शकतो. रस्त्याच्या बाजूची तेवढी चिंता नको. जपान आपल्यासारखंच डावीकडून चालतं. ओकिनावा तेवढं अमेरिकनांच्या ताब्यात असताना उजवीकडून चालायला लागलं होतं, ते ३० जुलै १९७८ ला एका रात्रीत पुन्हा डावीकडे आणलं.