ड्रिफ्टर वेगळा, आर्गो फ्लोट वेगळा

परवा पाऊस जरा उघडला म्हणून भाच्याला घेऊन वर्सोव्याच्या जेट्टीवर गेलो होतो, तिथे त्याने मोबाईलवर फोटो दाखवला, अंटार्क्टिकाजवळ जहाजावरून एक उभं नळकांडं पाण्यात सोडतायत, आणि म्हणाला मामा हा बघ बोया. बोया नाही रे, आर्गो फ्लोट आहे तो.

त्याच्या डोक्यात होता तो ड्रिफ्टर, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारा बोया. गोंधळ होतोच, कारण पुढे ढकलणारा पंखा दोघांनाही नाही, प्रवाह नेईल तिकडे जायचं आणि मोजलेलं सॅटेलाइटला कळवायचं. पण ड्रिफ्टर वरच राहतो. तरंगणारा गोळा आणि त्याच्याखाली साधारण 15 मीटरवर भोकं असलेला लांब कापडी नळा, तो पाण्याला धरून राहतो म्हणून गोळा वाऱ्याने भरकटत नाही. नळा तुटला की तो प्रवाहाबरोबर वाराही दाखवायला लागतो, म्हणून तो आकडा जपून वापरावा लागतो. त्याच्याकडून मुख्यतः कळतं ते वरचं पाणी कुठे चाललंय आणि किती गरम आहे.

फ्लोट 1000 मीटरवर वाहत राहतो, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतो आणि वर येता येता तापमान नि खारटपणा मोजतो. हे करतो कसं, तर आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो, वजन तेवढंच पण आकार वाढला की वर, तेल आत घेतलं की खाली. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं. 2007 साली असे 3000 झाले, आता 4000च्या आसपास आहेत.

ध्रुवाकडे खरी परीक्षा असते. बर्फात ड्रिफ्टर चिरडू शकतो, म्हणून आर्क्टिकमध्ये 1979पासून बरेच बोये थेट बर्फावरच ठेवतात, ते बर्फाबरोबर फिरतात आणि हवेचा दाबही सांगतात. फ्लोट मात्र वर येताना पाणी चाचपतो, ते उणे 1.8 अंशाच्या जवळ असलं तर डोक्यावर बर्फ असणार हे धरून तिथूनच मागे फिरतो, नाहीतर अँटेना बर्फावर आपटायची. आकडे पोटात साठवतो आणि बर्फ वितळल्यावर एकदम पाठवतो, फक्त मधल्या काळात जीपीएस नसल्यामुळे तो नेमका कुठे होता ते अंदाजानेच ठरवावं लागतं.

घरी येऊन फ्लोटांचा नकाशा उघडला, तो कोणालाही फुकट बघता येतो. दक्षिणेचे काही ठिपके हललेलेच नव्हते. भाचा म्हणाला, बंद पडले का? म्हटलं थांब, तिकडे आत्ता हिवाळा आहे.