डेक्साला येण्याआधी कॅल्शियमची गोळी घ्यायची की नाही?

पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारा पॅराथायरॉइड ग्रंथींचा हार्मोन) कमी असल्याच्या शंकेने डेक्साला, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीला, येणारे बहुतेकजण विचारतात, ‘यावरून पक्कं निदान होईल ना?’ निदान रक्तावरच होतं: कॅल्शियम कमी, फॉस्फेट बहुधा वाढलेलं आणि तरीही पीटीएच कमी किंवा जेमतेम नॉर्मल. मॅग्नेशियमही बघून घ्यावं. ते फार उतरलं तर पीटीएच घसरतं.

डेक्सा त्याला जोड देतो. हा हार्मोन कमी पडला की हाडांची झीज आणि नवी घडण दोन्ही मंदावतात. म्हणून जुन्या आजारात घनता वयाच्या मानाने जास्त भरते, विशेषतः कमरेच्या मणक्यात. रिपोर्टमध्ये त्यासाठी झेड-स्कोर, म्हणजे तुमच्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, बघा. आकडा वर गेला म्हणजे हाड मजबूत झालं, असं मात्र नाही. जुनं हाड वेळेवर बदललं जात नसतं. थायरॉइडच्या ऑपरेशनमुळे पीटीएच नुकतंच कमी झालं असेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, त्यावरून आजार नाही असं ठरवू नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो गोळीमुळे. न विरघळलेली कॅल्शियमची गोळी पोटात मणक्यासमोर आली की मशीन तिलाही हाडच धरतं. चित्रात कमरेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मणक्यावर (एल२, एल३) गोल पांढरा ठिपका दिसतो आणि घनता खोटी वाढते. आपण शोधतो तीही वाढलेली घनताच, त्यामुळे इथे ही चूक फार महागात पडते. तो मणका वगळावा लागतो, नाहीतर तुम्हाला पुन्हा यावं लागतं.

म्हणून एरवी आम्ही २४ तास आधी कॅल्शियम बंद ठेवायला सांगतो. पण पीटीएच कमी म्हणून उपचार सुरू असतील तर स्वतःहून एकही डोस चुकवू नका. ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. अपॉइंटमेंट घेतानाच औषधं सांगा. वेळ तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवू. डोस थांबवता येत नसेल तर आम्ही खुबा आणि मनगटाजवळचा हात मोजतो. गोळी तिथे आड येत नाही.

बेरियम किंवा डाय (चित्रात उठून दिसणारं औषध) देऊन तपासणी झाली असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं. अशांना आम्ही परत पाठवतो, कारण चुकीच्या आकड्यावर औषध ठरण्यापेक्षा हेलपाटा परवडला.

पुढचा डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करा. दोन मशीनचे आकडे थेट जुळत नाहीत. जुने स्कॅन आम्ही जपून ठेवतो आणि नव्या रिपोर्टसोबत मणक्यागणिक ताडून देतो.