चार्जरमधली मुंगीची वाट

मोबाइलच्या साध्या चार्जरमधून बाहेर पडतात ते ५ व्होल्ट. त्यांनी कोणाला शॉक बसत नाही. पण भिंतीतल्या प्लगमधून आत शिरतात ते २३० व्होल्ट, आणि त्यांचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) झालं की आतल्या, वीज साठवणाऱ्या जाडजूड कपॅसिटरवर जवळपास ३२५ व्होल्ट चढतात. म्हणजे मुठीत मावणाऱ्या त्या डबीत जिवावर बेतणारी वीज आणि हातात धरता येणारी वीज एकाच पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, शेजारी शेजारी नांदतात. मधे भिंत किती? काही मिलिमीटर.

ही भिंत बघायची म्हणून मी घरात पडून असलेले दोन बंद चार्जर फोडले. एक फोनसोबत आलेला, दुसरा फूटपाथवरून घेतलेला. (तुम्ही हा उद्योग करू नका. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो.)

पहिल्याचा पीसीबी उलटा केला तर मधोमध तांब्याचा मागमूस नसलेला एक पट्टा दिसला, कोरड्या पडलेल्या ओढ्यासारखा. त्यातच एक लांबट खाच कापलेली. ती कशासाठी? वीज एका काठावरून दुसऱ्या काठावर दोन वाटांनी जाऊ शकते. एक पक्ष्याची, सरळ हवेतून. दुसरी मुंगीची, पृष्ठभागावरून सरपटत. मुंगीची वाट जास्त दगाबाज, कारण पीसीबीवर धूळ बसते, तिला ओल धरते आणि हळूहळू विजेला पायवाट मिळते. पावसाळ्यात कोकणातल्या घरात भिंतीसुद्धा घामेजतात, तिथे हे वेगळं सांगायला नको. म्हणून २३० व्होल्टच्या अशा उपकरणासाठी मानकं हवेतून साधारण ४ मिलिमीटर अंतर मागतात, तर पृष्ठभागावरून ५. खाच कापली की मुंगीला वळसा पडतो. जागा न वाढवता वाट लांबते. मला तरी अख्ख्या चार्जरमधली हीच सर्वांत देखणी युक्ती वाटते.

ओढा ओलांडायची मुभा मोजक्याच भागांना असते. ट्रान्सफॉर्मर ऊर्जा पलीकडे नेतो ती चुंबकीय क्षेत्रातून. ‘आउटपुट वाढलंय, जरा कमी कर’ हा निरोप उलट दिशेने येतो तो ऑप्टोकपलरमधून, प्रकाशाच्या रूपात. दोन्हीकडे तारेचा थेट संबंध नाही. तिसरा, बहुधा निळा, चकतीसारखा वाय कपॅसिटर. रेडिओ-टीव्हीत खरखर करणारा गोंगाट तो परत वळवतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवताना कधी मुंग्या येतात, त्या याच्याच कृपेने. दोन पिनांच्या चार्जरमधून असा गळणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आत राहावा अशी अट असते, त्यामुळे तो जाणवला तरी इजा करत नाही. दोन पिना म्हणजे अर्थिंग नाही. त्याची भरपाई दुहेरी इन्सुलेशनने करावी लागते. चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, ते याचंच.

हे सगळं जमलंय की नाही ते बघायला इनपुट आणि आउटपुट यांच्यात ३००० व्होल्ट लावतात, तेही मिनिटभर. शिवाय मुद्दाम एखादा भाग शॉर्ट करतात आणि तरी आउटपुटवर विजेचा धोकादायक दाब येत नाही ना, हे तपासतात. भारतात २०१२ च्या आदेशापासून अडॅप्टरना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची होत गेली. चार्जरवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. छापायला काय, कोणीही काहीही छापतं, म्हणून टाकून बघायचं.

फूटपाथवाल्यावर क्रमांक नव्हताच. खाच नव्हती. दोन्हीकडचं तांबं एके ठिकाणी इतकं जवळ आलेलं की मधे पोस्टकार्डाची कड कशीबशी मावली. वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मर उलगडला, तर प्रायमरी (प्लगकडची) आणि सेकंडरी (फोनकडची) या तारेच्या गुंडाळ्यांमधे पिवळ्या टेपचा एकच वेढा, तोही एका बाजूला सरकलेला. बंद पडला होता तो यांतल्या कशानेच नाही, यूएसबीचं सॉकेट सैल झालं म्हणून. तोवर वर्षभर फोन झकास चार्ज करत होता.