मातीत लोह भरपूर, मग सोयाबीन पिवळं का?

सांवेर-देपालपूरकडे ज्यांची शेती आहे, अशा इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमची जमीन काळी आहे, तिला काय कमी!’ हे अर्धंच खरं आहे. माळव्याची माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेली. पण काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून आलेला कार्बन), असं नव्हे. चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहिलेला थोडासा ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग, सुद्धा माती काळीभोर दिसायला पुरतो. तपासणीत मात्र याच मातीचा सेंद्रिय कर्ब पुष्कळदा ०.५ टक्क्याच्या खाली, म्हणजे ‘कमी’च्या रकान्यात निघतो.

पावसाची झड लागली की सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळ जण लगेच युरिया फेकतात. पण नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. म्हणून पिवळेपणा वरून सुरू झाला असेल, तर संशय लोहावर घ्यावा.

आता गंमत अशी, की लोह मातीत भरपूर असतं. अडचण सामूची, म्हणजे मातीच्या पीएचची आहे. माळव्यात सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो आणि सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची (मातीत लोह बहुतेक याच रूपात असतं) विद्राव्यता सुमारे हजारपट घटते. शेतातला एखादा पांढरट खडा उचलून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडी, सामू चढा ठेवणारी. पाणी साचलं की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो, चुनखडीशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि लोह विरघळवण्यासाठी मूळ जे आम्ल सोडतं तेच मारलं जातं.

कारण मूळ काही गप्प बसलेलं नसतं. सोयाबीनचं मूळ आपल्याभोवतीची माती आम्लधर्मी करतं आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने फेरिक लोहाचं फेरसमध्ये, म्हणजे सहज विरघळणाऱ्या रूपात, रूपांतर करून ते आत घेतं. गव्हाची रीत अगदी वेगळी. तो मुळांतून अशी सेंद्रिय संयुगं सोडतो, जी मातीतलं लोह पकडतात. मग त्या लोहासकट तो ती परत ओढून घेतो. या पद्धतीला चुनखडीचा अडसर कमी होतो, म्हणून त्याच शेतात रब्बीचा गहू सहसा हिरवागार दिसतो. मला वनस्पतिशास्त्रातली ही सर्वांत सुरेख युक्ती वाटते. सोयाबीनसाठी उपाय साधा: आधी पाणी काढून द्या, मग फेरस सल्फेटची फवारणी. ते मातीत टाकलं तर हवेने आणि चुन्याने लगेच निकामी होतं.

स्फुरदाचीही (फॉस्फरसचीही) हीच गत. डीएपी या खतातलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि हळूहळू पिकाच्या हाती लागेनासं होतं. शिवाय सोयाबीन तेलबी, तिला गंधक हवं. ते डीएपीत नसतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं. युरिया ओलसर जमिनीवर नुसता फेकून ठेवला, तर अशा मातीत त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

या साऱ्यावर कर्ब वाढवणं हा सावकाश पण टिकाऊ उपाय. ह्यूमस लोह-जस्ताला विद्राव्य रूपात धरून ठेवतो. कर्ब वाढवण्याचं हे काम इंदुरातच झालं आहे. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाचं काम पाहणारे यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. हॉवर्ड जगाला ठाऊक आहेत, वाड आपल्या इंदूरकर मराठी मंडळींनाही नाहीत, हे जरा खटकतं.

गव्हाच्या काडात कर्ब खूप, नत्र थोडं. ते तसंच गाडलं तर जिवाणू कुजवण्यासाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून इंदूर पद्धतीत काड-कचऱ्यात शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि आम्लता मारायला राख मिसळून कर्ब-नत्राचं प्रमाण सुमारे ३३ ला १ ठेवायचं. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या (वाळलेली खोडं) रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ढीग तीनदा उलथला की तीन महिन्यांत खत तयार.

आज एप्रिलमध्ये नरवाई, म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरलेलं काड, पेटते, तेव्हा तिच्यातला कर्ब आणि जवळजवळ सगळं नत्र धुरातून जातं. राखेत उरतं ते मुख्यतः पालाश (पोटॅश). तीच नरवाई गोळा करून, पाणी मारून ढीग लावला, तरी जूनअखेरच्या पेरणीला खत हाताशी येणं अवघड. ते मिळेल रब्बीच्या गव्हाला, आणि सोयाबीनला त्याचा लाभ पुढच्या पावसाळ्यात.