आवारातली सुबाभूळ काढायची आहे? आधी परवानगी घ्या

सुबाभूळ, गिरिपुष्प, विलायती बाभूळ ही झाडं परदेशी आहेत, म्हणून परवानगीविना तोडता येतात, असा समज सोसायट्यांमध्ये सर्रास आढळतो. महाराष्ट्रातल्या महापालिका व नगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि तो देशी-विदेशी असा भेद करत नाही. म्हणजे परवानगी लागतेच, जागा तुमच्या मालकीची असली तरीही. झाड जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही ‘तोडणं’च ठरतं. म्हणजे बुंध्याची साल सोलून ते वाळवण्याची युक्तीही गुन्ह्यातच मोडते.

अर्ज जागेच्या मालकाने करायचा. सोसायटी असेल तर सचिव किंवा अध्यक्षांनी, ठरावाची प्रत जोडून. भाडेकरूला मालकाचं संमतिपत्र लागेल. अर्ज उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा. बऱ्याच महापालिका तो ऑनलाइनही घेतात. सोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मालमत्ता कराची पावती, ओळखपत्र, झाडाची जागा दाखवणारा नकाशा आणि फोटो लागतात. नेमकी यादी आपल्या पालिकेकडून घ्या.

अर्ज अडतो तो कारणापाशी. ‘झाड उपद्रवी आहे’ एवढ्याने भागत नाही. मुळांनी कुंपणाची भिंत फुटली आहे, खोड पोकळ आहे, फांदी विजेच्या तारेवर टेकली आहे, असं स्पष्ट लिहा आणि ती भेग, ती पोकळी जवळून टिपलेला फोटो जोडा.

पुढे अधिकारी पाहणी करतात, झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी सात दिवस असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. सुबाभूळ झपाट्याने वाढते, बुंधा पाहून वय जास्त वाटतं. लागवडीचा जुना फोटो किंवा नोंद असेल तर आवर्जून जोडा. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, तिथे प्रकरण सोपं नसतं.

गाजरगवत उपटायला अर्ज लागत नाही. फुलं येण्याआधी, पावसाने माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढा. घाणेरीचं मात्र आधी विचारून घ्या, कारण कायद्याच्या व्याख्येत जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपंही येतात.

परवानगी मिळाल्यावर ठेकेदाराकडून बुंधा मुळासकट काढून घ्या, नाहीतर सुबाभूळ खुंटातून पुन्हा फुटते. जमिनीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. ती रोपं बोटभर असतानाच उपटा.