चाकूची पकड व पवित्रा

हातघाईच्या लढतीत चाकू, सुरा किंवा खंजीर धरण्याची रीत म्हणजे पकड. त्या वेळी पाय, धड व मोकळा हात यांची ठेवण म्हणजे पवित्रा. दोन्ही गोष्टींचा विचार बहुतांशी समोरासमोरच्या द्वंद्वातून वाढला. प्रत्यक्ष हल्ला द्वंद्वासारखा क्वचितच होतो, म्हणून पकडींवरच्या पुष्कळशा वादांना स्वसंरक्षणाच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो.

पाते अंगठ्याच्या बाजूने निघाले तर सरळ पकड, करंगळीच्या बाजूने निघाले तर उलटी. सरळ पकडीत हातोडीसारखी मूठ आवळली की चाकू सहसा सुटत नाही. अंगठा चाकूच्या मुठीच्या पाठीवर टेकवला तर मनगट मोकळे राहते आणि टोक हवे तिकडे वळवता येते, पण जोराच्या धक्क्याने हात निसटतो. उलट्या पकडीत पोहोच कमी होते, मात्र वरून खाली येणाऱ्या वारात अख्ख्या हाताचा जोर उतरतो. मध्ययुगीन युरोपात ताठ पात्याचे खंजीर बहुधा असेच धरीत. इटालियन शस्त्रगुरू फियोरे देइ लिबेरी याच्या १४१० च्या सुमाराच्या ग्रंथात असे वार वारंवार येतात, आणि त्यांना तोंड देणारा पुष्कळदा रिकाम्या हातांचा असतो. तो मनगट पकडतो, कोपर पिरगळतो. सहा शतकांनंतरही निःशस्त्र बचावात याहून फार वेगळे काही सापडलेले नाही.

घरगुती चाकूला बोटे अडवणारी आडपट्टी बहुधा नसते. टोक हाडावर अडले किंवा मूठ रक्ताने निसरडी झाली, की हात पात्यावर घसरतो आणि वार करणाऱ्याचीच बोटे कापतात.

पवित्र्यातला जुना प्रश्न म्हणजे पुढे कोणता हात ठेवायचा. चाकूचा हात पुढे ठेवला तर पोहोच वाढते. ही तलवारबाजीची छाप. रिकामा हात पुढे ठेवला तर अडवणे, धरणे सोपे जाते, पण जखमाही आधी त्यालाच होतात. फिलिपिन्सच्या आर्निस या युद्धकलेत या रिकाम्या हाताला ‘जिवंत हात’ म्हणतात.

प्रत्यक्षात हल्लेखोर पवित्रा घेऊन दाखवत नाही. चाकू लपवून जवळ येतो, एका हाताने कपडे धरतो आणि दुसऱ्याने भराभर भोसकतो. भोसकलेल्या माणसाला पुष्कळदा आधी ठोसा बसल्यासारखेच वाटते. भीतीने बोटांची नाजूक हालचाल बिघडते, त्यामुळे संथ सरावात साधणारे चाकू हिसकावण्याचे डाव ऐनवेळी फसतात. न्यायवैद्यकात तळहातांवरच्या व कोपर ते मनगट या भागावरच्या जखमा बचावाच्या खुणा मानल्या जातात.

अंतराचा अंदाजही चुकतो. अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर याने १९८३ मध्ये दाखवले, की सुमारे २१ फुटांवरचा माणूस दीड सेकंदाच्या आसपास अंगावर येऊ शकतो. तेवढ्या वेळात पिस्तूल काढून नेम धरणेही जेमतेम जमते. पुढे लोकांनी याचा ठाम नियम करून टाकला, तो मूळ हेतू नव्हता.

म्हणून पळणे, मध्ये टेबल किंवा दार आणणे हे पहिले उपाय. कोंडीत सापडल्यास चाकूचा हात दोन्ही हातांनी जखडून निसटण्याची संधी शोधावी. सुटल्यावर अंग चाचपून जखमा पाहाव्यात आणि वाहत्या जखमेवर जोराने दाब द्यावा. रुतलेला चाकू उपसू नये. बहुतेक कायद्यांत बचावाचे बळ धोक्याच्या प्रमाणात असावे लागते, आणि हल्लेखोर पळू लागल्यावर केलेला वार सहसा बचावात मोडत नाही.