हिवाळ्यासाठी मोटारीची तयारी (ग्वाल्हेर)

हिवाळ्यासाठी मोटारीची तयारी : थंडी सुरू होण्याआधी मोटारीची बॅटरी, इंजिन ऑइल, कूलंट, टायर, दिवे आणि काचा तपासून, गरज पडेल तिथे बदलून घेणे. कॅनडा, रशिया किंवा उत्तर युरोपात ही तयारी मुख्यतः बर्फासाठी करतात. ग्वाल्हेरात बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो आणि चंबळच्या खोऱ्यात धुके दाटून बसते. त्याच शहरात मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या पुढे ऊन असते. त्यामुळे इथल्या तयारीचा मोठा भाग म्हणजे उन्हाळ्याने गाडीचे काय केले ते शोधणे, हे बाहेरून आलेल्याला चटकन पटत नाही.

बॅटरी

जानेवारीच्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक्’ वाजले की थंडीला दोष दिला जातो. खरे नुकसान आधीच झालेले असते. लेड-ॲसिड बॅटरीचे तापमान १० अंशांनी वाढले की तिच्यातील रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात बोनेटखालच्या भट्टीत पाणी उडते आणि प्लेटा गंजतात. तरीही गाडी चालू होत राहते, कारण गरम इंजिन फिरवायला फार जोर लागत नाही. थंडीत दोन्हीकडून कोंडी होते : शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद सुमारे एक-तृतीयांशाने घटते आणि दाट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो. चांगल्या बॅटरीला हे झेपते. तीन उन्हाळे काढलेली बॅटरी तिथेच उघडी पडते.

तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असावा, १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारे यंत्र, ठीक आहे. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली लावतात. ज्या बॅटरीत पाणी घालता येते तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून ओतणारे घरोघरी असतात. त्यातील क्षार प्लेटा खातात. शहरातल्या लष्कर भागातून महाराज बाड्याच्या चौकात आणि परत, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी थंडीत कधी पुरती भरतच नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी सलग चालवावी.

ग्वाल्हेरात याला एक स्थानिक कंगोरा आहे. १९०५ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केलेला, मूळचा गुरांचा असलेला व्यापार मेळा हिवाळ्यातच भरतो आणि तिथे घेतलेल्या गाडीवर राज्य सरकार बहुतेक वर्षी रोड टॅक्समध्ये निम्मी सवलत देते. साहजिकच शहरातल्या कितीतरी गाड्या ऐन थंडीत घरी आलेल्या असतात. बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरले, तर या गाड्यांच्या बॅटऱ्या थकण्याची वेळही थंडीवरच येते. मेळ्यातल्या गाडीच्या मालकाने तिसऱ्या वर्षापासून दिवाळीलाच बॅटरी तपासून घेतलेली बरी.

ऑइल, कूलंट आणि इंजिन तापवणे

ऑइलच्या डब्यावरील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ते थंडीत किती पातळ राहते हे सांगतो, आकडा लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. ५डब्ल्यू दर्जाच्या ऑइलची चाचणी उणे ३० अंशांना घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ला. ग्वाल्हेरच्या थंडीत जुन्या गाड्यांचे २०डब्ल्यू-४० काही गोठत नाही, फक्त पहिले काही क्षण आळस करते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा सोडून कोणाच्या सांगण्यावरून पातळ ऑइल भरण्याचे कारण नाही.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गोष्ट वेगळी. इथे तो गोठण्याची भीती नाही, पण रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याची सवय वाईट आहे : क्षार साचतात, गंज चढतो आणि पुढच्या मे महिन्यात त्याची किंमत मोजावी लागते. कूलंटमधले मुख्य रसायन इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ‘जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण’ हा समज मात्र चुकीचा. शुद्ध ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठते.

सकाळी दहा-दहा मिनिटे इंजिन तापवत ठेवणे ही कार्बोरेटर आणि चोकच्या जमान्यातली रीत आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरतो. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवले की इंजिन आपोआप तापते. शटर बंद करून आत गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेल गाडीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नये. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, म्हणून टाकीत थोडे पेट्रोल हवेच. आणि हो, किल्ली फिरवण्याआधी बोनेटवर दोन थापा माराव्यात. गल्लीतली मांजरे गरम इंजिनाच्या आसऱ्याला तिथे शिरतात.

टायर

तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप, बोलीत ‘पौंड’) कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी ३३ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे ५ अंशांना २८वर आलेला असतो, आणि त्याला पंक्चर कारण नसते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. उन्हाळ्यात टायर फुटेल या धास्तीने दोन-तीन पौंड हवा कमी ठेवणारे लोक आहेत. मुळात हाच समज उलटा आहे, कमी हवेचा टायर जास्त तापतो. त्यातून थंडीतही तीच हवा राहिली तर गाडी ओल्या रस्त्यावर भरकटते. नक्षीची खोली नियमाप्रमाणे किमान १.६ मिलिमीटर हवी. ७ अंशांखाली मऊ राहणारे खास हिवाळी टायर परदेशात सर्रास वापरतात. ग्वाल्हेरात ते घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

धुके

खरी परीक्षा इथे आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात २०० ते ५० मीटरपर्यंत दिसत असेल तर धुके दाट, आणि ५० मीटरच्या आत आले तर अति दाट. आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद म्हणजे २५ मीटर संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढे तरी. अति दाट धुक्यात ६०चा वेग म्हणजे जे दिसेल त्यावर आदळणे ठरलेलेच. यमुना एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा दर हिवाळ्यात उतरवतात ती याचसाठी.

ग्वाल्हेरहून मुरैना, धौलपूर, आग्रा असा राष्ट्रीय महामार्ग ४४ चंबळ ओलांडतो. दिल्लीची सकाळ गाठायला पहाटे तीनला निघणाऱ्यांना नेमक्या याच पट्ट्यात सर्वांत वाईट धुके मिळते. त्यात मागचा दिवा नसलेल्या वाळूच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि अचानक रस्त्यावर येणाऱ्या नीलगायी. थोरामोठ्यांचे ‘ऊन पडल्यावर निघा रे’ हे सांगणे कुठल्याही उपकरणापेक्षा सरस आहे.

निघावेच लागले तर डिपर, म्हणजे खालचा झोत, ठेवावा. वरचा झोत पाण्याच्या कणांवरून परत डोळ्यांत येतो. फॉग लॅम्पचा उपयोग त्याच्या पिवळ्या रंगामुळे नव्हे, तर तो खाली बसवलेला आणि त्याचा झोत वरून कापलेला असल्यामुळे होतो. गाडीला मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर त्याचे बटण कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावे. अनेकांना ते ठाऊकच नसते. चारही इंडिकेटर लावून चालवण्याची उत्तरेकडची पद्धत त्रासदायक आहे, कारण मग गाडी वळणार की उभी आहे हे मागच्याला कळत नाही.

काच आतून धुरकटली की लोक पुसत बसतात. उपाय असा : एसी चालू, हवा गरम, झोत काचेकडे आणि बाहेरची ताजी हवा आत. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू राहिले तर काही उपयोग नाही. वायपरचे रबर उन्हाने ताठरलेले असते. ते नोव्हेंबरातच बदलावे. थंड काचेवर उकळते पाणी ओतू नये, तडा जातो.

पहाडाकडे जाताना

मनालीच्या बाजूला बर्फ पडत असताना सोलंग खोऱ्याच्या पुढे अनेकदा फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) किंवा चाकांना बर्फाच्या साखळ्या, म्हणजे चेन, लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच चेन लावायची, आणि लावण्याचा सराव घराच्या अंगणात करायचा. उणे तापमानात, हातमोजे घालून तो पहिल्यांदा करणे अवघड जाते. बर्फात मुक्काम असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठून अडकू शकतो. सपाटीवर गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणीही तिथे गोठते.

डिझेलवाल्यांनी आणखी एक पाहावे. कडक थंडीत डिझेलमधले मेण सुटे होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल बाजारात आणले. ग्वाल्हेरला टाकी काठोकाठ भरून थेट वर चढण्यापेक्षा वाटेत ती रिकामी होऊ द्यावी आणि मुक्कामाआधी तिथल्याच पंपावर भरावी.